पलटणीतले मूल : किप्लिंग, बर्नेट आणि एक सुटलेला धागा

बालपणाविषयीचे जे वाङ्मय आपण वाचतो त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. ती म्हणजे घर. ओसरी, परसातली विहीर, आजीची खोली, शाळेची वाट, गावची जत्रा ही सारी आपापल्या जागी स्थिर असली म्हणजेच स्मृतीला टेकायला आधार सापडतो. ग्रंथकार प्रौढपणी मागे वळून पाहतो तेव्हा त्याला आधी स्थळ दिसते आणि मग त्या स्थळाच्या अनुषंगाने माणसे दिसू लागतात. परंतु ज्या मुलाचे बिऱ्हाड बदलीचा हुकूम येताच उचलावे लागते, ज्याच्या गावाला वेस नसून छावणीचा पहारा असतो, आणि ज्याचा देश आईबापांच्या बोलण्यात एक तर डोळ्यांपुढे दुसराच असतो, त्या मुलाच्या बालपणाचे वाङ्मयात काय होते? हा प्रश्न इंग्रजी कथावाङ्मयाच्या एका छोट्या पण महत्त्वाच्या शाखेपुढे सतत उभा आहे. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या पलटणींनी आपल्याबरोबर जी मुले आणली, किंवा येथे ज्यांना जन्म दिला, त्यांच्या कथा म्हणजे ही शाखा होय.

या मुलांत दोन वर्ग होते, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. कारण समीक्षकांच्या लिखाणात त्यांची पुष्कळदा सरमिसळ होते. अधिकाऱ्याचे मूल आयांच्या आणि बेहऱ्यांच्या हातांवर वाढे, आणि पाचसहा वर्षांचे झाले की विलायतेस रवाना होई. हवा सोसत नाही, पटकीची भीती असते, ही कारणे खरीच होती. परंतु नोकरांची भाषा आणि नोकरांचे उच्चार मुलाच्या जिभेवर कायमचे बसतील ही धास्तीही त्यांत होती. साध्या गोऱ्या शिपायाच्या मुलाला ही सोय नव्हती. ते बराकीच्या आडोशातच वाढे, आणि आईबाप गेले तर पलटणीच्या दयेवर जगे. अशा मुलांसाठीच सर हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ साली सनावर येथे अनाथाश्रमवजा शाळा काढली. एका वर्गाच्या वाट्याला वियोग आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला अनाथपण. पुढे ज्या कथांचा विचार करावयाचा त्या बहुतेक या दोन दुःखांपैकी एकावर उभ्या आहेत.

किप्लिंगची १८८८ सालची ‘वी विली विंकी’ ही कथा पहिल्या वर्गातली. कर्नलचा सहा वर्षांचा मुलगा लष्करी शिस्तीत वाढतो. चांगले वागला तर सद्वर्तनाची पट्टी मिळते. चुकला तर ती काढून घेतात आणि बराकीत अटक होते. अटकेत असताना एक तरुण स्त्री हद्दीपलीकडची नदी ओलांडताना त्याला दिसते. तो अटक मोडून तिच्यामागे जातो आणि पठाणांच्या तावडीतून तिला सोडवतो. ही कथा लोकप्रिय झाली, पण मला ती कृत्रिम वाटते. मुलाचे बोबडे बोल आणि त्याचे शौर्य यांचा मेळ बसत नाही. पठाण त्याला भिऊन थबकतात असे नव्हे. त्याला पळवले तर मागून पलटण येईल आणि गावे जाळील, या भीतीने त्यांच्यातला एकजण त्यांना थोपवतो. म्हणजे येथे पराक्रम मुलाचा नसून त्याच्या पाठीशी असलेल्या बंदुकांचा आहे, आणि ग्रंथकार मात्र टाळ्या मुलासाठी मागतो. तथापि त्या पट्टीच्या तपशिलात एक सत्य आहे. ज्या मुलाला घर म्हणून पलटणच मिळाली आहे, त्याला प्रेमसुद्धा बक्षीस आणि शिक्षा यांच्याच भाषेत कळते. बाप रागावला असे त्याला वाटत नाही; आपला हुद्दा गेला असे वाटते. किप्लिंगने हे पाहिले होते, पण त्यात दुःख आहे हे मात्र त्याने या कथेत पाहू दिले नाही.

ते दुःख त्याने त्याच वर्षीच्या ‘बा बा ब्लॅक शीप’ या कथेत ओतले. काटेकोर बोलायचे तर ही कथा लष्करी कुटुंबाची नाही, आणि किप्लिंगही लष्करी बापाचा मुलगा नव्हता. त्याचे वडील मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते, आणि १८६५ साली त्याच आवारात त्याचा जन्म झाला. परंतु मुलांना विलायतेस पाठवण्याची रूढी सनदी, लष्करी आणि शिक्षकी पेशांत एकच होती, म्हणून या कथेला येथे स्थान आहे. किप्लिंगच्या मृत्यूनंतर १९३७ साली निघालेल्या आत्मवृत्तात मुंबईच्या घराचे मोठे बोलके चित्र आहे. कॅथलिक आया, मीता नावाचा हिंदू बेहरा, आणि दिवाणखान्यात आईबापांपुढे जाण्याआधी इंग्रजीत बोलण्याची मिळणारी ताकीद! मूल स्वप्ने पाहात होते ती देशी भाषेत. इंग्रजी हा त्याला अडखळत करावा लागणारा तर्जुमा होता. अशा मुलाला १८७१ साली, सहावे वर्ष पुरते सरले नसता, धाकट्या बहिणीसह साउथसी येथे परक्यांच्या घरी ठेवण्यात आले. आई परत भेटली ती १८७७ साली.

कथेतल्या पंचची आई अखेर परत येते. रात्री त्याच्या बिछान्याशी वाकते, आणि मुलगा फटका चुकवावा तसा हात वर करतो. संबंध कथेत यापेक्षा मोठे वाक्य नाही, आणि ते वाक्य हाताने बोलले आहे. शेवटी सारे पूर्ववत झाले असे पंच म्हणतो, पण ग्रंथकार लगेच वाचकाला बजावतो की ज्याने लहानपणी द्वेष आणि संशय चाखला त्याची ती चव नंतरच्या कितीही प्रेमाने पुरती जात नाही. त्या कथेचे बळ या नकारात आहे. मुलाचे घर हरवले तेव्हा ते कोणी परत आणून देऊ शकले नाही, एवढेच ती सांगते. आणि तेवढेच खरे आहे.

फ्रान्सेस हॉजसन बर्नेट या बाईंनी हाच विषय उलट टोकाने हाताळला. १९०५ सालच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मधील सारा ही कॅप्टन क्रू यांची मुलगी, तिला लंडनच्या मुलींच्या शाळेत ठेवून बाप हिंदुस्थानात परत जातो आणि तापाने मरतो. १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधील मेरी लेनॉक्स पटकीच्या साथीत एकटी उरते, बंगल्यात माणूस नाही, चटईवरून साप सरपटत जातो, आणि दोन अधिकारी आत येऊन पाहतात तो हे विसरलेले मूल! हे प्रकरण इंग्रजी बालवाङ्मयातील उत्कृष्ट प्रारंभांपैकी एक आहे यात शंका नाही. पण पुढे काय होते? हिंदुस्थान म्हणजे पिवळा चेहरा, चिरचिर आणि आळस. यॉर्कशायर म्हणजे वारा, भूक आणि लाल गाल. मेरीच्या स्वभावाचा दोष हवेच्या माथी मारून बाईंनी खरा प्रश्न सोडून दिला. आईने कधी जवळ घेतले नाही म्हणून मूल तसे झाले, हे त्यांनी पहिल्या पानावर सांगितले आहे आणि पुढे जवळजवळ विसरून टाकले आहे. जी आया तिला सांभाळीत होती ती साथीत पहिल्यांदा दगावली. त्या बाईसाठी पुस्तकात कोणी रडत नाही. मेरीही नाही, आणि ग्रंथकर्त्रीही नाही.

साराच्या कथेत मात्र एक जागा अशी आहे की जिथे बाईंची लेखणी त्यांच्या योजनेपेक्षा पुढे गेली. माळ्यावरच्या खोलीत दासी होऊन पडलेल्या साराला शेजारच्या छपरावर रामदास नावाचा हिंदी नोकर दिसतो आणि ती त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलते. लंडनच्या धुरकट आकाशाखाली दोन परकी माणसे क्षणभर एका देशाची होतात. एवढ्यापुरती हिंदुस्थानी ही साराला मायबोलीच्या ठिकाणी आहे. पुढे हिऱ्यांच्या खाणी येतात, संपत्ती परत येते आणि तो धागा सुटतो.

दुसऱ्या वर्गाची, म्हणजे साध्या शिपायाच्या मुलाची, एकच मोठी कादंबरी आहे, आणि ती ‘किम’ (१९०१) होय. किमचा बाप आयरिश पलटणीतला निशाणाचा सार्जंट. पुढे रेल्वेत नोकरीला लागलेला, बायको पटकीने गेल्यावर दारू आणि अफू यांत बुडालेला. त्याने मुलासाठी ठेवले काय? ताइतात शिवलेले तीन कागद, आणि हिरव्या शेतावरचा तांबडा बैल एक दिवस तुला शोधत येईल ही भाकणूक. तो बैल म्हणजे पलटणीचे निशाण. लाहोरच्या गल्लीत वाढलेले पोर भाकणुकीच्या मागे जाते, आणि निशाण सापडताच पलटण त्याला पकडते! गणवेश अंगाला काचतो, बूट पायांना चावतात, आणि ज्याला सारा हिंदुस्थान मोकळा होता त्याच्यावर पहारा बसतो. अधिकाऱ्याच्या मुलाचे घर पलटणीने हिरावले. शिपायाच्या मुलावर पलटणीने घर लादले. हा विरोध किप्लिंगने फार नेमका धरला आहे. लखनौच्या शाळेतील मुलांचे वर्णन तर माझ्या मते या सबंध शाखेतले सर्वांत खरे पान आहे. दूरदूरच्या ठाण्यांवरून आलेली ती मुले रात्री आपापल्या प्रवासाच्या कथा सांगतात. त्यांचे इंग्रजी देशी विचारांतून गाळून आलेले असते. त्यांना कोणी बिचारे म्हणत नाही, आणि तीही स्वतःला तसे समजत नाहीत.

किम तीनदा स्वतःला विचारतो की मी कोण? आणि येथेच या थोर पुस्तकाचा दोष आहे. एडमंड विल्सन याने १९४१ साली आक्षेप घेतला की किमच्या दोन निष्ठांमध्ये झगडा व्हायला हवा होता, तो ग्रंथकाराने होऊच दिला नाही. एडवर्ड सैद याने १९८७ साली त्याला उत्तर दिले की किप्लिंगच्या मते तसा झगडा नव्हताच. ज्याला साम्राज्य हे निसर्गक्रमासारखे वाटते त्याला त्यात विरोध दिसायचा कसा? माझ्या मते सैद यांनी किप्लिंगचे मन बरोबर ओळखले. परंतु किम हा किप्लिंग नव्हे. प्रश्न विचारला तो किमने, आणि उत्तर दिले ते ग्रंथकाराने. मुलाला उत्तर शोधू द्यायचे की मोठ्यांच्या व्यवस्थेने ते त्याच्या हाती ठेवायचे, हीच या सर्व पुस्तकांची कसोटी आहे. विंकीला पलटण उत्तर देते, मेरीला यॉर्कशायर, साराला संपत्ती, किमला गुप्तहेरखाते. एकटा पंच निरुत्तर राहतो, आणि म्हणून तोच आपल्या मनात राहतो.

ही कसोटी केवळ कल्पित पात्रांना लावायची नाही. विनोदी लेखक स्पाइक मिलिगन याचा जन्म १९१८ साली आपल्या अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) छावणीत झाला. बाप आयरिश, इंग्रजांच्या तोफखान्यात. बालपण पुण्यात आणि रंगून येथे गेले. विलायत दिसली ती पोरवय संपता संपता. दुसऱ्या महायुद्धात तो इंग्रजांच्या तोफखान्यात लढला. आणि पुढे इंग्लंडचा कायदा बदलला तेव्हा ब्रिटिश नागरिकत्वासाठी राजनिष्ठेची शपथ घ्यावयास तो तयार झाला नाही आणि आयर्लंडचा नागरिक झाला. पलटणीने वाढवलेल्या मुलाला मी कोण याचे उत्तर अखेर कचेरीच्या खिडकीशी मिळाले. त्याच्या विनोदातील विक्षिप्तपणाचे मूळ समीक्षक कुठेही शोधोत. पण ज्याला कोणतीच व्यवस्था नैसर्गिक वाटत नाही त्यालाच सगळ्या व्यवस्था हास्यास्पद दिसतात, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता त्या सुटलेल्या धाग्याकडे वळू. छावणीत गोऱ्यांचीच मुले होती काय? ‘किम’मध्ये एका म्हाताऱ्या रिसालदाराचे मुलगे येतात, पण मोठे झालेले, नोकरीवर असलेले. हिंदी शिपायाचे मूल, मूल म्हणून, या पुस्तकांत येतच नाही. आणि तरी महूच्या छावणीत १८९१ साली एक मूल जन्मले होते. त्याचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापकही होते. डॉ. आंबेडकरांच्या घरातील शिस्त, वाचन आणि इंग्रजीची ओढ यांचे मूळ पुष्कळ अंशी त्या छावणीत होते. त्यांच्या आठवणींच्या एका छोट्या टिपणात १९०१ सालच्या एका प्रवासाची हकिकत आहे. वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेली, नीटनेटके कपडे घातलेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो, आणि जात कळताच त्याचा चेहरा पालटतो. गाडीवान दुप्पट भाड्यालाही गाडी हाकीत नाही; गाडी मुलांना हाकावी लागते. किमला ‘मी कोण’ हा प्रश्न स्वतः पडला. या मुलांना तो पडण्याआधीच गावाने उत्तर देऊन टाकले होते. किप्लिंगच्या पंचला परका देश निर्दय भेटला. या मुलांना स्वतःचाच देश परका भेटला. छावणीने दिलेली कापडे आणि अक्षरे यांना छावणीच्या हद्दीबाहेर किंमत नव्हती.

ही दोन बालपणे एकमेकांशेजारी ठेवून वाचली म्हणजे इंग्रजी शाखेची मर्यादा कळते आणि तिची किंमतही कळते. १९५० नंतरच्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करून जॉन आणि रूथ यूसीम यांनी अशा मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव दिले. नाव सोयीचे आहे, पण वाङ्मयाला नावाने भागत नाही. वाङ्मयाला तो वर केलेला हात लागतो, छपरावरचे ते चार परभाषी शब्द लागतात, मुलांनी स्वतः हाकलेली ती गाडी लागते. बेळगावपासून आसामपर्यंत बदल्यांवर फिरलेल्या कितीतरी मराठी शिपायांच्या घरांत अशीच बालपणे वाढली आहेत. त्यांची कथा लिहावयास जो बसेल त्याने किप्लिंगचे डोळे घ्यावेत, त्याची उत्तरे घेऊ नयेत. आणि मुलाने प्रश्न विचारला तर पलटणीला, गावाला किंवा सरकारला मध्ये बोलू देऊ नये.