पराक्रमानंतरचे दिवस

गड सर झाला कीं पोवाडा संपतो. त्या गडकऱ्यानें पुढें कोणतें शेत नांगरलें, हें शाहिरास विचारण्याची आपणांस सवय नाहीं. भवभूतीचें 'उत्तररामचरित' या बाबतींत अपवाद. रावणवध होऊन गेल्यावरच तें सुरू होतें. महाभारतकारांनीं तर मौसलपर्वांत अर्जुनाच्या हातून गांडीव नीट ओढवत नाहीं, हेंही लिहून ठेवण्यास संकोच केला नाहीं. श्री. पी. साईनाथ यांचें 'द लास्ट हीरोज' हें 2022 सालीं निघालेलें इंग्रजी पुस्तक वाचतांना आम्हांस या दोन ग्रंथांची वारंवार आठवण झाली.

स्वातंत्र्यलढ्यांतील अप्रसिद्ध सैनिकांच्या उतारवयांत घेतलेल्या भेटी हा या पुस्तकाचा विषय. त्यांत अनेक प्रांतांतील माणसें आहेत. पण मराठी वाचकाचें लक्ष प्रथम कुंडल, रामापूर या गांवांकडे जाईल. आज हा मुलूख सांगली जिल्ह्यांत मोडतो. 1949 पर्यंत त्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यांत होता (कुंडल तेवढें औंध संस्थानचें), म्हणून तेथील 1943 ते 1946 च्या प्रतिसरकाराला साताऱ्याचें नांव लागलें. लोकांनीं त्याचें 'पत्री सरकार' केलें, फितुरांच्या तळपायांना पत्री ठोकल्याच्या कथा गांवोगांव पसरल्या, आणि हाडामांसाचीं माणसें पाहतां पाहतां अद्भुताच्या प्रांतांत गेलीं.

तेथून त्यांना घरीं परत आणलें, हें साईनाथांचें यश होय. 7 जून 1943 रोजीं शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविणारे तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ येथें भेटतात ते एक म्हातारे गृहस्थ म्हणून. रामापूरचे गणपती यादव भूमिगतांचे निरोप व भाकरी पोंचवीत. ते 97 व्या वर्षींही सायकलवर बसून भेटीस येतात. त्यांत आपण कांहीं विशेष केलें असें त्यांस वाटत नाहीं, आणि लेखकही तें उगाच फुगवून सांगत नाहीं.

परंतु येथेंच आमची तक्रार सुरू होते. लढा थांबला तेव्हां हा पुरुष पंचविशीच्या आसपास होता. त्या दिवसापासून या भेटीपर्यंतचीं सत्तर वर्षें आम्हांस फारच घाईनें उरकल्यासारखीं वाटलीं. पुढाऱ्यांना दुसरें रंगपीठ मिळालें. क्रांतिसिंह नाना पाटील 1957 सालीं लोकसभेंत गेले, जी. डी. बापू लाड कुंडलास व नागनाथअण्णा नायकवडी वाळव्यास सहकारी साखर कारखान्यांत रमले. निरोप्याला काय मिळालें? रात्रीं कुत्रें भुंकलें कीं त्याला पूर्वींसारखी जाग येत होती काय? निवृत्तिवेतनाचा नियम पाहावा, तर 1972 च्या योजनेनें पुरावा मागितला तो मुख्यतः तुरुंगवासाचा, नाहींतर फरारी म्हणून निघालेल्या हुकुमाचा. म्हणजे जो इतका कुशल कीं सरकारदरबारीं त्याचें नांवच गेलें नाहीं, त्याचीच पंचाईत!

टेनिसनचा युलिसिस घरीं कंटाळतो व पुन्हां समुद्राची वाट धरतो. ही कविता आम्हीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविली. पण पराक्रम करून परत येऊन, न कंटाळतां जोंधळा पेरीत राहिलेल्या माणसाविषयीं विद्यार्थ्यांस काय सांगावें, हें आम्हांस कधीं सुचलें नाहीं. खरें म्हणजे प्रश्नच सुचला नाहीं. वर्गांतील निम्मीं मुलें अशाच गांवांतून आलेलीं असूनही!

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातें तें हौसाताई पाटलांचें प्रकरण. नाना पाटलांची ही कन्या. पोलीस ठाण्यासमोर नवराबायकोचें खोटें भांडण उभें करून बंदुका पळविण्यास मदत केली, हा प्रसंग कोणासही आवडेल. आम्हांस अधिक मोलाची वाटली ती त्यामागची हकीकत: बाप भूमिगत, घरदार जप्त, आणि मालाच्या गाडीच्या भाड्यावर पोट भरणारें कुटुंब. नित्याचा संसार हा पराक्रमानंतर येतो, असें आम्ही आरंभीं गृहीत धरलें होतें. या घरांत तो पराक्रमाच्या भर मध्यान्हींही चालूच होता, आणि तो बायकांनीं चालविला. साईनाथांनीं हा धागा इतर प्रकरणांतही धरावयास हवा होता.

भेट संपवून मंडळी निघतात तेव्हां नव्वदी गांठलेल्या हौसाताई त्यांना विचारतात, मग मला आतां तुमच्याबरोबर नेणार ना? कोठें, असें विचारतां उत्तर येतें: कामाला.