आधीची नोंद आणि तुलनेचं गाव

जयगडात संशोधनपद्धतींवर बोलायचं तर सुरुवात कलमांपासूनच करायला हवी. इथला १२०० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प २०१०-११ च्या सुमारास सुरू झाला. धुराने हापूसचं काय होईल, हा वाद त्याआधीच दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आमची तक्रार दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाबद्दल आहे.

बागायतदार म्हणतो, "पूर्वी भरपूर आंबा यायचा, आता नाही." ही नुसती आधी-नंतरची तुलना झाली. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. त्यात अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे. घट यांतल्या कशानेही येईल. उलट बाजू म्हणते, "फरक सिद्ध झालेला नाही, म्हणजे परिणाम नाही." हेही चूक. फरक न सापडणं आणि फरक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. एक-दोन हंगाम मोजून कलमाच्या आयुष्याबद्दल काय कळणार?

आता गडचिरोलीचं बघा. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा नवजात बाळांवरचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांत प्रशिक्षित महिलांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, पण मोजणी दोन्हीकडे १९९३ पासूनच होती. तुलनेच्या गावांच्या हिशेबाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, ही त्यातली उणीव आम्ही मान्य करतो. पण आधीची नोंद होती, म्हणून निष्कर्ष टिकला.

जयगडात चिठ्ठ्या टाकताच येत नाहीत. चिमणी जिथे आहे तिथेच राहणार. मग जवळच्या आणि लांबच्या बागा घ्या. कलमांचं वय, जमीन, फवारणी सारखी हवी. मोहोराच्या दिवसांत वारा कुठून वाहतो ते नोंदवा आणि बरीच वर्षं मोजत राहा. बागायतदारांच्या मुलाखतीही घ्या. त्यांनी पुरावा होत नाही, पण काय मोजायचं ते त्यांच्याकडूनच कळतं.

राहिली आधीची नोंद. ती मागे जाऊन करता येत नाही. पण कुणाच्या माळ्यावर २०१० पूर्वीच्या पेट्यांच्या हिशेबाच्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. उद्याचा अभ्यास त्यांच्यावरच उभा राहील.