‘स्मृतिचित्रे’ : शिष्यत्वाचा एक पाठ

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची भाषेसाठी पुष्कळ वाखाणणी झाली आहे. सुवार्तिकाने अभ्यासावा असा ग्रंथ म्हणून मात्र आम्ही तो क्वचितच वाचतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळाचे वर्णन हा या दृष्टीने ग्रंथाचा गाभा होय. टिळक कवी आणि वक्ते. तरी पत्नीचे मन वादाने वळले नाही. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे पाळीत राहिल्या आणि जातिभेदाची गाठ त्यांनी स्वतःच विचार करून सोडविली.

पतीचा तापटपणा व अव्यवहारीपणा लेखिका झाकीत नाही. आमच्या चरित्रग्रंथांतील उपदेशक बहुधा निर्दोष असतो. त्यामुळे तो वंदनीय ठरतो, पण त्याच्यापासून शिकता येत नाही. ग्रंथात प्रसंग विपुल आहेत, तत्त्वविवेचन थोडे. वर्गात वाचताना ते शिक्षकाने पुरवावे.

वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांची संख्या नोंदविताना, अशी पाच वर्षे कोणत्या रकान्यात लिहावीत, याचा विचार आपल्या मंडळ्यांनी अवश्य करावा.