मालिकेच्या मागून आलेली कादंबरी

विज्ञानकथांच्या दूरचित्रवाणी मालिकांवर बेतलेल्या कादंबऱ्यांकडे समीक्षक सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. पात्रे उसनी, जग उसने, मालकी कंपनीची. मग लेखकाचे त्यात उरले काय, असा त्यांचा सवाल. मराठी वाचकाला तरी हा सवाल पडायला नको. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सातशे श्लोकांच्या गीतेवर ‘गीतार्णव’ रचला. त्याची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. श्रीधरांच्या ‘पांडवप्रतापा’पासून शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’पर्यंत आपले वाचन उसन्या पात्रांवरच पोसले आहे. तेव्हा उसनवारीला नाके मुरडण्यात अर्थ नाही. त्या ऐवजात लेखकाने स्वतःची भर किती घातली, एवढेच तपासायचे.

या प्रकाराचा जन्म गरजेतून झाला. ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका 1963 साली सुरू झाली. तेव्हा एकदा दाखवलेला भाग पुन्हा पाहण्याची सोय प्रेक्षकाकडे नव्हती. 1973पासून ‘टार्गेट’ची छोटेखानी पुस्तके निघू लागली आणि हुकलेला भाग वाचून काढता येऊ लागला. एकट्या टेरन्स डिक्स यांनी अशी साठांहून अधिक पुस्तके लिहिली. अमेरिकेत जेम्स ब्लिश यांनी 1967पासून ‘स्टार ट्रेक’च्या भागांच्या कथा केल्या आणि 1970मध्ये ‘स्पॉक मस्ट डाय!’ ही स्वतंत्र कादंबरी दिली. यातले पुष्कळसे लेखन म्हणजे संवादांना ‘तो म्हणाला’ जोडून केलेली भरती. ते विस्मरणात गेले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

पण माल्कम हल्क यांचे 1974चे ‘डॉक्टर हू अँड द केव्ह मॉन्स्टर्स’ उघडून पाहावे. मूळ भाग त्यांनीच लिहिलेले, 1970चे. माणसाच्या आधी पृथ्वीवर नांदणारी सरपटणाऱ्यांची बुद्धिमान जात जमिनीखालच्या दीर्घ निद्रेतून जागी होते, ही कल्पना. पडद्यावर ती रबरी पोशाखातली भुते वाटतात. त्यांना नावेही नाहीत. पुस्तकात हल्क सुरुवातच त्यांच्या बाजूने करतात. आकाशातून संकट येणार म्हणून ती जमात भुयारात उतरते आहे आणि तिच्यातल्या वृद्धाला ओक्डेल हे नाव आहे. नाव आणि भूतकाळ मिळताच वाचकाचे पारडे फिरते. राक्षस वाटत होते ते मूळ रहिवासी ठरतात आणि माणूस उपरा. माजलगाव धरणाखाली ज्याचे गाव गेले, त्याला ‘ही जमीन आधी कुणाची?’ या प्रश्नाची धार समजावून सांगावी लागत नाही. बजेटच्या मर्यादेमुळे पडद्यावर जे राहून गेले, ते इथे दोन-चार पानांत साधले आहे.

पुढची मजल मालिका बंद पडल्यावर गाठली गेली. ‘डॉक्टर हू’ 1989मध्ये थांबली आणि 1991पासून ‘व्हर्जिन’ने नव्या कादंबऱ्यांची माला काढली. पडद्याचा धाक नसल्याने लेखक मोकळे झाले. पॉल कॉर्नेल यांच्या ‘ह्यूमन नेचर’मध्ये (1995) नायक आपली ओळख विसरून, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावरच्या इंग्लंडमध्ये शाळामास्तर होऊन राहतो. या मालेत 1996 साली लिहिणारे रसेल टी. डेव्हिस यांनीच 2005मध्ये मालिका पुन्हा उभी केली आणि 2007मध्ये कॉर्नेल यांच्या कादंबरीवरून दोन भाग झाले. पडद्याकडून पुस्तकात आलेले पाणी असे परत पडद्याकडे वळले.

तरीही अखेरचा शब्द पडद्याचाच. ‘स्टार ट्रेक’मधल्या सुलूला ‘हिकारू’ हे नाव व्होंडा मॅकिन्टायर यांनी 1981च्या कादंबरीत दिले. ते अधिकृत ठरायला 1991चा चित्रपट यावा लागला. याउलट, कादंबरीकारांनी वर्षानुवर्षे रचलेला पुढचा इतिहास 2020च्या ‘पिकार्ड’ मालिकेने मोडीत काढला आणि 2021मध्ये ‘कोडा’ ही कादंबरीत्रयी लिहून त्याचे रीतसर उत्तरकार्य करावे लागले. दुसऱ्याच्या जागेत घर बांधण्याचा हा धोका या प्रकाराला कायमचा चिकटलेला आहे. नायक मरणार नाही हे वाचकाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे चांगला लेखक त्याला बाजूला ठेवून दुय्यम पात्रांकडे वळतो, आणि बहुतेक उत्तम पुस्तके तिथेच सापडतात.

मराठीत ही धारा रुजलीच नाही. विज्ञानकथा नव्हती असे नाही. ‘कृष्णविवर’ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळून जयंत नारळीकर कथाकार म्हणून पुढे आले ते 1974 साली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती कथा नांदती ठेवली. अंबाजोगाईच्या टॉवरवरून दूरदर्शन मराठवाड्यात पोचले, त्यावर ‘स्टार ट्रेक’, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि पुढे ‘कॅप्टन व्योम’ झळकले. पण विज्ञानकथेवरची दीर्घ मराठी मालिका काही उभी राहिली नाही. आपल्याकडे प्रवास पुस्तकाकडून पडद्याकडे, तोही एकेरी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आधी मालिकेत आणि 2017मध्ये चित्रपटात गेला. नव्या लेखकांच्या हाती पडून त्याच्या कथांची नवी माला मात्र सुरू झाली नाही. परिणामी बीड-परळीच्या तरुणाला हा प्रकार भेटतो तो इंग्रजीत आणि बहुधा मोबाइलवर.

आपली विज्ञानकथा मुख्यतः दिवाळी अंकाच्या मापाची राहिली, याचे एक कारण मला यात दिसते. कथेत एक कल्पना मांडून संपवता येते. तयार जग हाती असेल तर नवखा लेखकही तीनशे पानांचा दम धरायला शिकतो. इंग्रजीत कितीतरी लेखकांची उमेदवारी अशाच कामावर झाली. त्यासाठी वाहिन्यांची वाट पाहत बसायची गरज नाही. हक्कदारांची रीतसर संमती घेऊन, जुन्या विज्ञानकथांतील जग नव्या लेखकांना खुले करणे हे प्रकाशकांच्या हातातले काम आहे. त्यातून दहा पुस्तके सुमार निघतील, हे गृहीत धरावे. अकराव्यात एखादा ओक्डेल भेटला, तर सौदा तोट्याचा नाही.