तबेल्यावरची खोली : एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’

लंडन येथे १९०७ साली ‘फादर अँड सन’ हे आत्मकथन लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाले. लेखक कोण हे गुपित फार काळ टिकले नाही. हाउस ऑफ लॉर्ड्सचे तत्कालीन ग्रंथपाल व नामवंत समीक्षक एडमंड गॉस (१८४९-१९२८) यांनी आपले बालपण, आपले वडील आणि त्या दोघांना बांधून ठेवणारी एक चिमुकली ख्रिस्ती मंडळी यांची कथा त्यात सांगितली होती. ‘पिता आणि पुत्र’ हे दोन शब्द आपण क्रूसाची खूण करताना दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. त्यापुढे येणाऱ्या पवित्र आत्म्याला या घरात कितपत वाव होता, हा प्रश्न पुस्तक वाचताना माझ्या मनात वारंवार आला.

सेमिनरीत असताना मी हे पुस्तक इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून वाचले होते. गेल्या वर्षी ते पुन्हा हाती घेण्याचे कारण वेगळे होते. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर मला भेटले. त्यांचा थोरला मुलगा सहा महिन्यांपासून मिस्साला येत नव्हता. भाड्याच्या एका दालनात भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभेला तो जात होता आणि पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचे त्याच्या मनात होते. “फादर, तुम्ही त्याला शास्त्रातले चार दाखले द्या,” एवढीच त्या गृहस्थांची विनंती होती. दाखले माझ्यापाशी आहेत, पण त्या मुलापाशीही आहेत, आणि त्याचे अधिक ताजे आहेत. अशा मंडळीच्या आत माणूस कसा जगतो हे आधी समजून घ्यावे, असे मला वाटले. आतून लिहिलेले याहून समर्थ पुस्तक मला ठाऊक नाही.

गॉस कुटुंब ‘प्लिमथ ब्रदरन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पंथातले. सन १८३० च्या आसपास डब्लिन, प्लिमथ, ब्रिस्टल अशा ठिकाणी काही श्रद्धाळू माणसे प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडून घरोघर जमू लागली. जॉन नेल्सन डार्बी हे आयर्लंडमधील अँग्लिकन धर्मसेवक त्यांचे एक पुढारी होते. दीक्षित धर्मगुरू नाही, वेदी नाही, ठरीव उपासनाविधी नाही. दर रविवारी भाकर मोडायची, बायबलचा शब्द न् शब्द अक्षरशः खरा मानायचा, समजत्या वयात श्रद्धा प्रकट केल्यावरच बाप्तिस्मा द्यायचा आणि प्रभूच्या पुनरागमनाची रोज वाट पाहायची, एवढा त्यांचा धर्म. एकतेसाठी निघालेल्या या बंधुमंडळींत १८४८ मध्येच मोठी फूट पडली, हेही नमूद केले पाहिजे. त्यांच्यापैकी अँथनी नॉरिस ग्रोव्हज हे एक्सेटरचे दंतवैद्य. बगदादमध्ये प्लेगने पत्नी गमावल्यावर १८३३ मध्ये ते भारतात आले. त्यांच्या प्रेरणेने १८३६ साली दोन तरुण गोदावरीच्या मुखाशी, नरसापूरला, सुवार्ताकार्यासाठी उतरले. आपल्या नाशिकची गोदामाई समुद्राला मिळते तिथे ही बंधुमंडळी अशी दोन शतकांपूर्वीच पोहोचलेली आहे. तेव्हा हे सारे परक्या मुलखातले, असे म्हणून सुटका नाही.

वडील फिलिप हेन्री गॉस (१८१०-१८८८) हे नावाजलेले निसर्गशास्त्रज्ञ. सागरी जीव काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची आवड इंग्लंडच्या घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात त्यांना जाते. आई एमिली धर्मविषयक पत्रिका लिहीत. कल्पित गोष्ट सांगणे हे असत्य, म्हणून पाप, अशी तिची दृढ समजूत होती. त्यामुळे या घरात परीकथेला प्रवेश नव्हता. १८५७ च्या फेब्रुवारीत स्तनाच्या कर्करोगाने, अतिशय यातनामय उपचार सोसून, ती वारली. मरताना तिने आपला एकुलता एक मुलगा प्रभूला अर्पण केला. तो तेव्हा सात वर्षांचा होता. (त्याच १८५७ साली बाबा पदमनजींनी मराठीत ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. ख्रिस्ती श्रद्धेची सेवा कल्पित कथेतून करता येते, हे पदमनजींना उमगले होते. एमिलीबाईंना ते पटले असते असे वाटत नाही.)

पुढे बापलेक डेव्हन परगण्यातील सेंट मेरीचर्च या खेड्यात राहावयास गेले. तिथल्या बंधुमंडळीचे उपासनास्थान म्हणजे एका तबेल्यावरची मोकळी खोली. प्रार्थना चाललेली असताना खालच्या जनावरांचा उग्र दर्प फळ्यांतून वर येई. फिलिप गॉस यांनी या मंडळीची धुरा आपखुशीने खांद्यावर घेतली. शेतमजूर, लहान दुकानदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा हा मेळा. गॉस यांनी त्यातील माणसे स्वच्छ रेखाटली आहेत. एका नवश्रद्ध स्त्रीने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जाऊन तेथील विवस्त्र पुतळ्यांवर छत्री चालवली, हा प्रसंग वाचून कोणालाही हसू येईल. परंतु लेखक त्या माणसांची थट्टा करून थांबत नाही. मंडळीत कोण आजारी आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणाची श्रद्धा डळमळली आहे, हे सर्वांना ठाऊक असे. धुणे धुणाऱ्या बाईलाही तिथे नावाने ओळखत. आपल्या धर्मग्रामांत हजार-दीड हजार माणसे एका मिस्साला येतात आणि त्यांतली कित्येक कोणाशी एक शब्द न बोलता घरी जातात. आमच्या गृहस्थांच्या मुलाला त्या भाड्याच्या दालनात काय लाभले असेल, हे त्या खोलीचे वर्णन वाचताना मला प्रथम समजले.

आता आपल्याविषयी त्यांचे मत काय होते तेही पाहू. इटलीत कोठे गडबड उडाली की पोपसत्तेला त्रास होईल म्हणून गॉस दांपत्याला समाधान वाटे. नाताळ हा सण त्यांच्या लेखी ‘पोपवादी’ व मूर्तिपूजक. त्या दिवशी घरात गोडधोड वर्ज्य. एके वर्षी मोलकरणींनी चोरून पुडिंग केले आणि लहानग्या एडमंडला एक तुकडा दिला. थोड्याच वेळात पोटात व मनात एकदमच कळ उठली. मूर्तीला वाहिलेले अन्न आपण खाल्ले, असे रडत तो वडिलांपाशी कबूल झाला. वडिलांनी त्याचा हात धरला, दुसऱ्या हाताने ते पुडिंग उचलले आणि धावत जाऊन राखेच्या ढिगात नेऊन टाकले. कॅथलिक वाचकाला येथे राग येण्याऐवजी दया येते. १९६४ सालच्या व्हॅटिकन परिषदेच्या ऐक्यविषयक आदेशाने अशा विभक्त बंधूंमध्येही पवित्रतेचे अनेक अंश आहेत हे मान्य करण्यास आपल्याला शिकवले आहे. तेव्हा पुडिंगाचा हिशेब त्यांच्याकडे मागण्याचे कारण नाही.

बहुतेक समीक्षक या पुस्तकाकडे श्रद्धेवर बुद्धीने मिळवलेला विजय म्हणून पाहतात. वडिलांचा ‘ओम्फॅलॉस’ हा ग्रंथ त्यासाठी सोयीचा पडतो. १८५७ च्या त्या ग्रंथात, आदामला जशी जन्म न घेताही नाभी असणार, तशी पृथ्वीही जुन्या खुणांसह एकाएकी निर्माण झाली, असे त्यांनी मांडले. शास्त्रज्ञ हसले, धर्मनिष्ठही दुरावले. पण मला वाटते, पुस्तकातील खरी वेदना जीवाश्मांमुळे उत्पन्न झालेली नाही. ती एका मुलाची सतत परीक्षा घेतली गेल्यामुळे झालेली आहे.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार देतात. ते बाळ काही मानत नाही, काही सिद्ध करीत नाही. कृपा आधी येते, उत्तर मागाहून. गॉसच्या मंडळीत हा क्रम उलटा होता. मुलाने आपले अंतःकरण पालटल्याचा पुरावा द्यावयाचा, मगच तो आतला. दहा वर्षांच्या एडमंडची दोन ज्येष्ठ बंधूंनी चौकशी केली आणि त्याच्या उत्तरांनी ते थक्क झाले. १८५९ च्या ऑक्टोबरात मोठ्या जमावासमोर त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या रविवारी हा नवा ‘संत’ काय करतो? आपण भाकर घेणाऱ्यांपैकी आणि तुम्ही नाही, हे दाखवण्यासाठी तो इतर मुलांना जीभ काढून वेडावतो! लेखकाने हे सांगितले नसते तर कोणाला कळले नसते. त्याच्या प्रामाणिकपणावर माझा विश्वास बसतो तो अशा ठिकाणी.

हाच मुलगा त्याआधी, पाच-सहा वर्षांचा असताना, टेबलावर खुर्ची ठेवून तिची प्रार्थना करून पाहतो. मूर्तिपूजेने देव कोपतो असे वडील सांगत. कोप होतो का, हे त्याला पाहायचे असते. काही होत नाही. देवाविषयीचा त्याचा संशय त्यामुळे वाढत नाही. वडिलांना देवाविषयी सगळे ठाऊक आहे, या खात्रीला मात्र तडा जातो. पुढे शेजारच्या एका कुटुंबाने त्याला मेजवानीला बोलावले तेव्हा वडिलांनी त्याला प्रार्थनेत प्रभूची इच्छा विचारावयास लावले. उत्तर काय येणार याविषयी त्यांना शंका नव्हती. मुलगा गुडघ्यांवरून उठला आणि प्रभूने जाण्यास अनुमती दिली आहे असे त्याने निक्षून सांगितले. वडील निरुत्तर झाले. धर्मगुरू, न्यायाधीश आणि बाप ही तिन्ही कामे एकच माणूस करीत असेल, तर मुलाला अपील करण्यासाठी थेट स्वर्गच उरतो. आपल्याकडे पापनिवेदनाच्या जाळीआड बसलेला माणूस निदान मुलाचा बाप नसतो. मोठ्या ख्रिस्तसभेच्या शिष्टाचाराला, तिच्या अंतराला आपण कंटाळतो. त्या अंतरात लेकराला श्वास घेता येतो, हे मला या पुस्तकाने दाखवले.

१८६७ मध्ये एडमंड ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला लागला. त्यानंतरही वडिलांची पत्रे जवळजवळ रोज येत: शास्त्राचे वाचन चालू आहे ना? प्रार्थना? प्रभूशी नाते कसे आहे? त्याआधी शाळेत असताना, एका उन्हाळी संध्याकाळी, खिडकीशी बसून त्याने प्रभूच्या येण्याची अगदी मनापासून वाट पाहिली होती. ऊन उतरले, वारा सुटला आणि चहाची घंटा झाली. पुढे पत्रांतील प्रश्नांना तो उत्तरे देत राहिला, पण त्यांत जीव उरला नव्हता.

हे सारे पुत्राच्या बाजूने लिहिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. अ‍ॅन थ्वेट यांनी बापलेकांची स्वतंत्र चरित्रे लिहिली आहेत, मुलाचे १९८४ मध्ये व वडिलांचे २००२ मध्ये. पुत्राने तपशिलांत बरीच मोकळीक घेतली आहे आणि वडील पुस्तकात दिसतात त्याहून पुष्कळच प्रेमळ व आनंदी होते, असे त्यांतून दिसते. साहित्यकृती म्हणून हा दोष मी लहान मानत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त टिळकांचा विक्षिप्तपणा ठायी ठायी येतो, तरी टिळकांवर अन्याय झाला असे वाटत नाही, कारण लक्ष्मीबाई स्वतःलाही तितकेच हसतात. गॉस स्वतःला हसतात ते केवळ बालपणापुरते. तरुण एडमंडवर त्यांची नजर फार मवाळ आहे, आणि शेवटच्या प्रकरणात तर ते वडिलांचे पत्र पुढे करून वकिलासारखे बाजूला सरतात. ते मला आवडले नाही.

पण खडकांवरची प्रकरणे मात्र निर्मळ आहेत. ओहोटीच्या वेळी बापलेक डेव्हनच्या किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उतरतात. खडकांच्या कुंडांत समुद्रपुष्पे, शेवाळे, चिमुकले खेकडे. वडील दाखवतात, मुलगा पाहतो. तिथे कोणी कोणाला प्रश्न विचारीत नाही. देवाची निर्मिती समोर असते, तिच्यावर भाष्य करण्याची घाई नसते. किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्यापैकी अनेकांना आपल्या वडिलांबरोबरची अशी एखादी ओहोटी आठवेल. वडिलांच्याच पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी संग्राहकांनी पुढे ती कुंडे ओरबाडून उजाड केली, याचे दुःख वडिलांना अखेरपर्यंत राहिले.

लेकरांची परीक्षा घेण्याची ही सवय केवळ त्या खोलीची आहे, असे म्हणावयास माझी जीभ धजत नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादापूर्वी मुलांची प्रश्नोत्तरे तोंडपाठ करून घेताना, चुकलेल्यांना सर्वांदेखत खाली बसवणारा धर्मगुरू मीही होतो. घरी जपमाळ चालू असताना पेंगणाऱ्या मुलाला चिमटा काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. ते धर्मग्रामातील उत्तम कुटुंबांतले होते. आमच्या त्या गृहस्थांनीही मुलाला आता रोज एकच प्रश्न विचारावयास सुरुवात केली होती: रविवारी येणार की नाही?

त्यांना मी दाखले दिले नाहीत. हे पुस्तक थोडक्यात सांगितले, खडकांचा भाग जरा विस्ताराने. ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, “पुढे तो मुलगा बापाला भेटायला यायचा का, फादर?”

येत असे, असे मी सांगितले. लग्न झाल्यावर पत्नी-मुलांनाही घेऊन येत असे.