‘गुण’ म्हणजे नेमकं काय? क्रिस्तपुराणातला देव वाचताना



‘ख्रिस्ती धर्मातील ईश्वराचे स्वरूप व गुण : एक तुलनात्मक अभ्यास’ अशा धर्तीचा विषय घेऊन पीएच.डी.ला नोंदणी करावी असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल, तर प्रस्ताव लिहायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. या शीर्षकातला ‘गुण’ कोणता?

मी विज्ञान शाखेतून आलोय. वस्तुमान आणि वजन बाजारात एकच असतं, भाजीवाल्याचं त्यावाचून काही अडत नाही. पण प्रयोगवहीत एकाच्या जागी दुसरं लिहिलं की लाल रेघ ठरलेली. धर्मावरच्या लेखनात मात्र ‘निर्गुण’, ‘सर्वव्यापी’, ‘माउली’ असे शब्द व्याख्या न देता सर्रास एकमेकांसमोर मांडले जातात आणि खाली बरोबरचं चिन्ह काढलं जातं. हे किती धोक्याचं आहे ते बघायला आपल्या भाषेतलंच एक मोठं उदाहरण घेऊ.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तिथेच वारला. त्याने मराठीत दहा हजारांहून जास्त ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. ते रोमन लिपीत १६१६ साली पहिल्यांदा छापलं गेलं. पहिल्या पुराणात जुना करार आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. या ग्रंथाबद्दल दोन तयार निकाल ऐकायला मिळतात. एक, ‘बघा, शेवटी देव एकच, स्टीफन्सने आपलाच परमेश्वर गायलाय.’ दुसरा, ‘आपल्या शब्दांचा अंगरखा घालून परका देव आत आणलाय.’ दोन्ही निकाल ग्रंथ न उघडता देता येतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

आता ग्रंथ उघडू. मंगलाचरणात देवाला जी विशेषणं लावली आहेत त्यांत विश्वभरित, बाप, सर्वसमर्थ, स्वर्ग आणि पृथ्वीचा रचणारा ही ठळक आहेत. यातली शेवटची तीन ओळखीची आहेत. ख्रिस्ती लोक ज्याला प्रेषितांचा मतांगीकार म्हणतात, त्याच्या पहिल्याच कलमात ती याच क्रमाने येतात : पिता, सर्वसमर्थ, आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता. ‘विश्वभरित’ मात्र त्या कलमात नाही. तो शब्द मराठी कानाला आपला वाटतो, आणि ‘देव एकच’वाले नेमके त्याच्यावर बोट ठेवतात.

इथे मी तुम्हाला आमच्या पुणतांब्याला नेतो. गोदावरीच्या काठी इथे चांगदेवांची समाधी आहे. कोऱ्या पत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पण त्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेलं पासष्ट ओव्यांचं उत्तर, म्हणजे चांगदेवपासष्टी, मुद्दाम वाचणारे कमी. तिच्यात सोनं आणि दागिना हा दृष्टान्त येतो. सोन्याचं सोनेपण तसूभर कमी न होता त्याचा दागिना होतो, तसं परतत्त्व न सरता जग होतं. म्हणजे जग ‘भरलेलं’ आहे ते दागिना सोन्याने भरलेला असतो तसं. दागिन्यातून सोनं काढून घ्या, मागे काय उरेल?

स्टीफन्सचा ‘विश्वभरित’ या अर्थाचा आहे का? नाही, आणि ते त्याच मंगलाचरणातला ‘रचणारा’ सांगतो. ख्रिस्ती सिद्धान्तात देव म्हणजे सोनं नव्हे, सोनारही पुरता नव्हे, कारण सोनाराला निदान सोनं तरी आयतं मिळतं. इथे सोनंसुद्धा शून्यातून निर्माण केलेलं आहे. मग देवाने जग भरलंय म्हणजे काय? तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस यासाठी सूर्य आणि हवेचं उदाहरण देतो. हवा सूर्यामुळे उजळते. सूर्य आहे तोवरच उजेड आहे. पण उजळलेली हवा कधी सूर्य होत नाही. देव प्रत्येक वस्तूत आहे तो तिचं असणं सतत देणारा म्हणून, तिचा घटक म्हणून नव्हे.

म्हणजे शब्द एक, पण एकाकडे सोन्याचं प्रतिमान आहे, दुसऱ्याकडे सूर्याचं. समीक्षक म्हणून मला स्टीफन्सचं कौतुक इथे वाटतं. त्याने परका शब्द लादला नाही, आपला शब्द घेतला आणि शेजारी ‘रचणारा’ ठेवून त्याची मर्यादा आखून दिली. फक्त पहिलाच शब्द वाचून उठणाऱ्याला ती मर्यादा दिसत नाही.

आता शीर्षकातल्या ‘गुण’कडे येऊ. न्यायदर्शनात गुण ही द्रव्याहून वेगळी गोष्ट आहे. तो द्रव्याच्या आश्रयाने राहतो. सांख्यात गुण म्हणजे सत्त्व, रज, तम. परीक्षेच्या पेपरात गुण म्हणजे मार्क, ते सोडा! अक्वायनसचं म्हणणं असं की देवात आश्रय आणि आश्रित असा भेदच नाही. माणूस ‘ज्ञानी’ असतो, म्हणजे त्याच्याकडे ज्ञान असतं आणि ते जाऊही शकतं. देवाचं ज्ञान, चांगुलपण, सामर्थ्य हे सगळं त्याच्या असण्याहून वेगळं नाही. नावं अनेक लागतात ती आपली बुद्धी तुकड्यातुकड्यांनी समजते म्हणून. या सिद्धान्ताला देवाचं साधेपण म्हणतात. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर असा देव, गंमत बघा, गुण ‘असलेला’ म्हणताच येत नाही.

मग ख्रिस्ती देव निर्गुण म्हणायचा का? इथे दोन ख्रिस्ती विचारवंतच समोरासमोर उभे राहतात. कोकणस्थ घराण्यातले नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात वेदान्तावर टीका केली. त्यांच्या मते ज्याला जाणणं, इच्छिणं, करणं काहीच लावता येत नाही ते निर्गुण ब्रह्म असून नसल्यासारखं आहे. पुढच्या पिढीतले बंगालचे कॅथलिक विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) नेमकं उलट म्हणाले. निर्गुण म्हणजे रिकामा नव्हे, तर जगाशी संबंध असण्याची ज्याला गरज नाही असा, आणि तो अर्थ अक्वायनसच्या देवाला चपखल बसतो. दोघेही शब्दाचे पक्के जाणकार. तेव्हा प्रस्तावात ‘ख्रिस्ती धर्म निर्गुण ईश्वर मानत नाही’ असं एक वाक्य टाकलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न विचारेल, ‘कुणाच्या अर्थाने?’

तिसरा शब्द माउली. वारकऱ्याची माउली म्हणजे विठोबा, ज्ञानोबा. अहमदनगरच्या मातीत रमलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगात ख्रिस्ताला माउली म्हटलं. आणि आमच्यापासून फार लांब नसलेल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात यात्रा भरते ती मतमाउलीची, म्हणजे मरियेची. कॅथलिक सिद्धान्तात मरियेला मान आहे, पण ईश्वराला करायची आराधना तिला नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकच शब्द देवाला, देवपुत्राला आणि देव नसलेल्या आईलाही लागतो. यात्रेतल्या माणसाला याचा काही त्रास नाही, व्हायचं कारणही नाही. पण तुम्ही प्रबंध लिहिणार आहात.

आता क्रिस्तपुराणाची बाजू जिथे लंगडी पडते ते सांगतो. पुराण हा गोष्टीचा प्रकार आहे आणि गोष्टीतला देव रागावतो, हळहळतो, बेत बदलतो. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही जलप्रलयाआधी देवाला खेद होतो. सिद्धान्त सांगतो की देव अविकारी आहे, त्याच्यात बदल नाही. ही वर्णनं रूपकं समजायची. सिद्धान्ताच्या ग्रंथात हे सांगायला वेगळं प्रकरण असतं. ओवी मात्र पुढे धावते. स्टीफन्सने श्रोत्यांचे प्रश्न आणि पाद्रींची उत्तरं अशी मांडणी ठेवून काही ठिकाणी ही अडचण सोडवली आहे, पण कथा रंगली की अविकारी देव मागे पडतो आणि पुराणातला देव पुढे येतो. माझ्या मते हा दोष स्टीफन्सपेक्षा त्या प्रकाराचा आहे.

आणि एक गोष्ट विसरून चालणार नाही. हा ग्रंथ निवांत चर्चासत्रात जन्मला नाही. साष्टीतली देवळं १५६७ च्या सुमाराला पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच येशूसंघी मारले गेले. ज्यांची जुनी पुराणं बंद केली त्यांच्यासाठी हे नवं पुराण लिहिलं गेलं. शब्दांची निवड सुंदर आहे म्हणून ही सत्तेची बाजू पुसली जात नाही. आणि सत्तेची बाजू खरी आहे म्हणून ‘विश्वभरित’ आणि ‘रचणारा’ यांच्यातलं बारीक काम खोटं ठरत नाही. संशोधकाने दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवायच्या असतात.

तर काम सुरू करताना तीन गोष्टी करा. एक, कोणती प्रत वाचताय ते पहिल्या पानावर लिहा. क्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हाताशी नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून सिद्ध केलेले पाठ, आणि लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखितातली शब्दयोजना रोमन पाठाहून वेगळी पडते. दोन, प्रत्येक विशेषणापुढे ते काय नाकारतं हे लिहा. शब्दाचा अर्थ तिथे लवकर सापडतो. तीन, दोन परंपरांतला एकच शब्द दिसला की त्यामागचा दृष्टान्त शोधा. सोनं आहे, सोनार आहे की सूर्य?

हे करून झाल्यावरही ‘देव एकच’ असं तुम्हाला वाटलं तर जरूर लिहा. तोवर ते बरोबरचं चिन्ह पेन्सिलीने काढा.