ख्रिस्तपुराण व मोक्षाधिकाराचा प्रश्न

फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाचा उल्लेख आमच्या वाङ्मयेतिहासांत बहुधा त्यांतील मराठीच्या स्तुतिपर ओव्यांसाठींच होतो. आम्हींही वर्गांत वर्षानुवर्षें त्याच ओव्या शिकविल्या, व ग्रंथ जाणल्याचें समाधान मानिलें. निवृत्तीनंतर येथें मूर्तिजापुरास सबंध ग्रंथ वाचला, तेव्हां ही आमची चूक ध्यानांत आली. सुमारें ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे: मोक्षाचा अधिकारी कोण?

संस्कृतज्ञांस हा प्रश्न नवा नाहीं. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरण अधिकाराविषयींच आहे; आणि रिद्धपुरास पूज्य मानणाऱ्या महानुभावांनीं स्त्रीशूद्रांस मोक्षमार्ग मोकळा करून त्याचें निराळें उत्तर दिलें. ख्रिस्ती शास्त्रांत हाच वाद यहुदी व यहुदीतर यांविषयीं झाला. ईश्वराचा करार अब्राहामाच्या वंशाशीं. मग त्या वंशाबाहेरच्यांस सुंता व मोशेचें नियमशास्त्र यांवांचून तारण कसें मिळावें? सुमारें इ. स. ४९ मध्यें यरुशलेमच्या सभेनें तें ओझें यहुदीतरांवर न लादण्याचें ठरविलें. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत जैतुनाचा दृष्टांत योजिला आहे. यहुदीतर म्हणजे मूळ झाडावर कलम केलेली रानजैतुनाची फांदी; तिनें मुळापुढें फुशारकी मारूं नये, असा त्याचा आशय आहे.

येथें शब्दाचा विचार अवश्य आहे. यहुदीतर या अर्थीं हिब्रूंत ‘गोयिम’, ग्रीकांत ‘एथ्ने’ व लॅटिनांत ‘गेन्तेस’ हे शब्द येतात. तिहींचा मूळ अर्थ ‘राष्ट्रें’ किंवा ‘जन’ इतकाच असून लॅटिन शब्द तर संस्कृत ‘जन्’ धातूचा सगोत्र आहे. म्हणून ‘म्लेच्छ’ हा त्याचा प्रतिशब्द मानणें युक्त नव्हे. पोर्तुगीजांनीं त्याच कुळांतला ‘जेंतियु’ हा शब्द हिंदूंस लाविला. हालहेडच्या १७७६ च्या धर्मशास्त्रसंग्रहाच्या इंग्रजी नांवांतील ‘जेंटू’ त्यांतूनच आला. अशा रीतीनें गोव्यांतील सासष्टीचा मराठी श्रोता पौलाच्या पत्रांतल्या परजनांच्या जागीं उभा राहिला.

या श्रोत्यास स्टीफन्सनें काय दिलें? ९५ अवस्वरांपैकीं पहिले ३६ त्यानें जुन्या कराराच्या कथेस, म्हणजे यहुदी पूर्वजांच्या इतिहासास वाहिले. ज्यांचीं स्वतःचीं पुराणें बंद करण्यांत आलीं होतीं, त्यांस दुसऱ्यांचे पूर्वज पुराणरूपानें आपले म्हणून दिले. पौलाचें कलम येथें ओवींत साधलें आहे. आमच्या मतें ग्रंथाचें खरें सामर्थ्य यांत आहे, भाषास्तुतींत नव्हे.

परंतु या योजनेंत यहुदी हा ख्रिस्ताची पूर्वपीठिका म्हणूनच येतो. जिवंत यहुदी शेजाऱ्यास तींत जागा उरत नाहीं. स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला. पुढच्याच सालीं, १५८० मध्यें, यहुदी कुळांतील ख्रिस्ती वैद्य गार्सिया द ओर्ता याचीं हाडें, तो १५६८ सालीं मेला असतांही, उकरून धर्मसमीक्षणाच्या न्यायालयानें जाळविलीं. मुळास मान द्यावा व मुळाच्या वंशजास जाळावें, ही विसंगति ग्रंथाबाहेरची असली तरी त्याच्या टीकाकारानें विसरूं नये. यहुद्यांस ईश्वरानें टाकिलेले म्हणून दाखवूं नये, हें कॅथॉलिक धर्मसभेनें स्पष्ट शब्दांत सांगावयास १९६५ साल उजाडलें.

आतां संग्राहकांस विनंति. १६१६, १६४९ व १६५४ च्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत ज्ञात नाहीं. सालढाणांनीं १९०७ मध्यें मंगळुरास रोमन लिपींत ग्रंथ छापिला. बंडेलूंची देवनागरी आवृत्ति १९५६ ची. लंडन येथील मार्सडेनच्या संग्रहांत देवनागरी हस्तलिखित असून त्यांत ख्रिस्ती परिभाषेच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. मूळ पाठ कोणता, यावर मतभेद आहे. तेव्हां यहुदी व परजन यांस कोणत्या प्रतींत कोणते शब्द योजिले आहेत, यांची ओवीवार तुलना झाल्याखेरीज स्टीफन्सच्या मताविषयीं अखेरचा निर्णय करतां येणार नाहीं. महानुभावांच्या पोथ्यांचे पाठभेद नोंदण्यांत ज्यांचीं वर्षें गेलीं, त्यांनीं हें काम हातीं घ्यावें. केवळ स्तुतीच्या ओव्या पाठ करून या ग्रंथाचें ऋण फिटत नाहीं.